फळी, कपाट आणि विस्तव : इंग्रजी वाक्प्रचारांतील घराविषयी

गेल्या वर्षी आपल्या सभेच्या एका मासिक बैठकीत एका तरुण सभासदाने इंग्रजी कथेचा स्वतः केलेला अनुवाद वाचून दाखवला. भाषा प्रवाही होती, वाचनही चांगले झाले. मध्येच एक वाक्य आले : ‘प्रत्येक घराच्या कपाटात एक सांगाडा असतोच.’ पुढच्या रांगेत बसलेल्या आमच्या एका ज्येष्ठ काकूंनी शेजारणीला विचारले, “सांगाडा कुणाचा गं? मघापासून कुणी मेल्याचं तर वाचलं नाही.” प्रश्न हळू आवाजात विचारला होता, पण सभागृह लहान असल्यामुळे तो सर्वांना ऐकू गेला आणि हशा पिकला. अनुवादकाने नम्रपणे खुलासा केला, “काकू, तो इंग्रजीतला वाक्प्रचार आहे. घराण्यातलं लपवून ठेवलेलं गुपित, असा त्याचा अर्थ.” काकू म्हणाल्या, “मग गुपितच म्हण की रे. आमच्या कपाटात सांगाडा कशाला ठेवतोस?”

चहाच्या वेळी चर्चा रंगली. एकाने सुचवले की येथे ‘घरोघरी मातीच्या चुली’ ही म्हण चपखल बसेल. दुसऱ्याने ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ असे सुचवले. मलाही विचारण्यात आले, कारण माळव्यातील महाविद्यालयांतून मी तीस वर्षांहून अधिक काळ इंग्रजी शिकवले. मला तेव्हा समाधानकारक उत्तर देता आले नाही. खरे तर विद्यार्थ्यांना फळ्यावर दोन रकाने आखून, डावीकडे इंग्रजी वाक्प्रचार आणि उजवीकडे त्याचा मराठी ‘प्रतिशब्द’ लिहून देण्याचा उद्योग मीच वर्षानुवर्षे केलेला आहे. आज मागे वळून पाहताना वाटते, की त्या दोन रकान्यांमधील उभ्या रेषेचा विचार मी कधी केलाच नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या चुकीची थोडीफार भरपाई होय.

इंग्रजी भाषेत घराशी आणि घरातल्या वस्तूंशी निगडित वाक्प्रचारांची संख्या फार मोठी आहे. त्यांची केवळ यादी करून काही साधत नाही. विचारण्याजोगा प्रश्न असा, की हे सारे वाक्प्रचार एकत्र ठेवले तर त्यांतून कोणत्या प्रकारचे घर उभे राहते? त्या घरात कोण कोठे बसते, कोण उभे राहते, काय मांडून ठेवले जाते आणि काय दडवले जाते? एवढे कळल्याशिवाय भाषांतराचा प्रश्न सुटत नाही, असे माझे मत झाले आहे.

प्रथम त्या घरातील जेवणाची जागा पाहू. मध्ययुगीन इंग्रज घराच्या मोठ्या दालनात आजच्यासारखे कायमचे मेज नसे. घोड्यांवर लांब फळ्या टाकून जेवणाची सोय करीत आणि जेवण आटोपले की फळ्या उचलून भिंतीशी लावीत. या फळीला ‘बोर्ड’ म्हणत. पुढे फळीवरून तिच्यावरील अन्नाला तेच नाव मिळाले. ‘बोर्ड अँड लॉजिंग’ म्हणजे जेवण आणि निवारा. आपल्या मुलांच्या ‘बोर्डिंग’मध्येही हीच जेवणाची फळी आहे. त्याच फळीभोवती बसून घरचा कारभार चाले, हिशेब होत, म्हणून विचारविनिमयाला बसणारे मंडळही ‘बोर्ड’ झाले. ज्याचे दोन्ही हात फळीच्या वर दिसतात, म्हणजे पत्त्यांच्या खेळात जो खालून लबाडी करीत नाही, त्याचा व्यवहार ‘अबव्ह बोर्ड’. आणि त्या दालनात पाठ टेकायची खुर्ची बहुधा एकच असे, ती यजमानाची. बाकीचे बाकांवर किंवा तिवयांवर बसत. त्यामुळे खुर्चीवर बसणारा तो ‘चेअरमन’.

इंग्रजांची राज्यकारभाराची भाषा या घरगुती सामानातून किती उभी राहिली आहे, हे पाहिले म्हणजे नवल वाटते. न्यायाधीशांचे ‘बेंच’ म्हणजे बाक, मंत्र्यांचे ‘कॅबिनेट’ म्हणजे मूळची आतली लहानशी खाजगी खोली, आणि फ्रेंचांकडून आलेला ‘ब्यूरो’ म्हणजे लिहिण्याच्या मेजावर अंथरलेले जाडेभरडे कापड. पार्लमेंटात प्रस्ताव मेजावर ठेवतात. गंमत अशी, की त्याच शब्दाचा अर्थ इंग्लंडात ‘चर्चेला घेणे’ असा होतो, तर अमेरिकेत ‘चर्चा लांबणीवर टाकणे’ असा होतो. मेज एकच, पण घर बदलताच अर्थ उलटा झाला. १७८४ च्या कायद्याने हिंदुस्थानच्या कारभारावर देखरेख करण्यासाठी लंडनमध्ये जे ‘बोर्ड ऑफ कंट्रोल’ नेमले गेले, त्याच्या नावातही तीच जेवणाची फळी होती. आपल्या संस्थानांच्या वकिलांना आणि कारभाऱ्यांना त्या फळीशी पुढे कितीतरी वर्षे व्यवहार करावा लागला.

आमच्याकडे सत्तेची वस्तू निराळी होती. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील जुन्या घराण्यांतील वाचकांना ‘गादी’ या शब्दाचे वजन मी सांगायला नको. १८७५ साली कवळाण्याहून आलेला एक मुलगा दत्तक होऊन बडोद्याच्या गादीवर बसला आणि तिसरे सयाजीराव म्हणून प्रसिद्धीस आला. कोणीही त्याला ‘खुर्चीवर बसला’ असे म्हटले नाही. गादी म्हणजे जमिनीवर अंथरलेली बैठक. तिच्यावर मांडी घालून, लोडाला टेकून बसायचे असते. समोरचा माणूसही जमिनीवरच बसतो, फक्त त्याच्याखाली गादी नसते. गादी चालवायची असते, गादीशी इमान राखायचे असते. ती पिढ्यान्‌पिढ्यांची असते आणि माणूस गेला तरी राहते. इंग्रजांची फळी मात्र जेवणानंतर उचलली जाई. त्यांचे बोर्ड नेमले जाते, मोडले जाते, पुन्हा नेमले जाते. केवळ एका वस्तूवरून दोन समाजांविषयी सिद्धांत मांडणे धाडसाचे होईल, पण हा फरक डोळ्यांआड करता येत नाही. पुढे कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांतून खुर्च्या आल्या, आणि आता आपणही सहजपणे ‘खुर्चीचा मोह’, ‘खुर्ची टिकवणे’ म्हणतो. हे काही कोणी इंग्रजीवरून भाषांतर केलेले नव्हे. खुर्ची हे सामान आणि तिच्याभोवतीचे राजकारण, दोन्ही आपल्याकडे आले, त्यांच्या मागोमाग वाक्प्रचार आला.

येथे एक सूत्र हाती लागते. परभाषेतील घरगुती वाक्प्रचार आपल्याकडे रुजतो, तो ती वस्तू आणि तिच्याशी जडलेला व्यवहार आपल्या घरात असेल तरच. ‘तोंडात चांदीचा चमचा घेऊन जन्मणे’ हे उदाहरण घ्या. इंग्लंडात बाप्तिस्म्याच्या वेळी धर्ममातापित्यांनी बाळाला चांदीचा चमचा देण्याची रीत होती. ट्यूडर काळातील अशा चमच्यांच्या दांड्यांवर ख्रिस्तशिष्यांच्या लहान मूर्ती कोरलेल्या असत. गरिबाला हे परवडत नसे, म्हणून चमच्यावरून घराण्याची ऐपत कळे. हा वाक्प्रचार मराठीत इतका मुरला आहे, की वृत्तपत्रांत तो दररोज दिसतो आणि कोणालाही खटकत नाही. याचे कारण आपल्या काकू एका वाक्यात सांगतील : बाळाला आजोळहून चांदीचे वाटी-चमचे येतातच. वस्तू घरात होती, तिच्यामागचे कौतुकही घरात होते. परका वाक्प्रचार आला तेव्हा त्याला बसायला पाट तयार होता.

याउलट एक सुंदर इंग्रजी वाक्प्रचार मराठीत आलाच नाही, आणि त्याची गरजही नव्हती. मोठ्या मेजवानीत मेजावर चांदीचे भव्य मीठपात्र ठेवीत. मानाचे पाहुणे त्याच्या वरच्या अंगाला बसत, सामान्य माणसे आणि आश्रित खालच्या अंगाला. त्यावरून ‘मिठाच्या खाली’ बसणे म्हणजे हलक्या दर्जाचे असणे. याचे शब्दशः मराठी केले तर वाचक मिठाच्या बरणीखाली डोकावून पाहील. परंतु आपल्याजवळ ‘पंक्तिप्रपंच’ हा शब्द आहे. एकाच पंगतीत एकाला तूप धारेने आणि दुसऱ्याला थेंबाने वाढायचे, हा तो प्रपंच. इंग्रज भेदभाव करतो तो जागेने, आपण करतो वाढण्याने. त्यांच्याकडे माणूस बसताक्षणी आपली पायरी ओळखतो, आपल्याकडे वाढपी जवळ येईपर्यंत आशा असते. माझ्या जुन्या रकान्यांत ही जोडी नव्हती याचे मला आज वाईट वाटते, कारण येथे एक शब्द दुसऱ्याच्या अगदी समोर येऊन बसतो आणि तरीही दोन घरांमधील फरक लपत नाही.

असाच बारीक फरक एका सर्वपरिचित जोडीतही आहे. ‘आगीतून फुफाट्यात’ ही म्हण इंग्रजीतील ‘तव्यातून आगीत’ या वाक्प्रचाराच्या समोर कित्येक पाठ्यपुस्तकांनी बसवली. इंग्रजी वाक्प्रचार जुना आहे. जॉन हेवूडने १५४६ साली प्रसिद्ध केलेल्या म्हणींच्या संग्रहात तो आढळतो. अर्थ जुळतो हे खरे, पण दिशा पाहा. इंग्रज कढईतून सुटतो आणि धगधगत्या जाळात पडतो. संकट वाढते आणि ते उघड दिसते. मराठी माणूस जाळातून सुटतो आणि फुफाट्यात, म्हणजे वरून विझल्यासारख्या दिसणाऱ्या तप्त राखेत पडतो. दुसरे संकट दिसत नाही म्हणून अधिक घातक. ज्याने चुलीतली राख हाताने उपसली आहे, त्यालाच ही म्हण सुचू शकते. भाषांतरकाराला घाईच्या वेळी ही जोडी वापरायला हरकत नाही, मात्र संकट उघडे आहे की झाकलेले, हे कथेत महत्त्वाचे असेल तर त्याने थांबावे.

आता काकूंच्या सांगाड्याकडे वळू. ‘कबर्ड’ या शब्दाची हकीकत मोठी बोलकी आहे. ‘कप’ आणि ‘बोर्ड’ मिळून झालेला हा शब्द मुळात पेले आणि चांदीची भांडी मांडून ठेवण्याच्या उघड्या फळीसाठी होता. श्रीमंताच्या घरी येणाऱ्याजाणाऱ्याने ते वैभव पाहावे, हाच त्या मांडणीचा हेतू. कालांतराने त्या फळीला दारे आली, कुलूप आले, आणि जी वस्तू दाखवण्यासाठी होती ती लपवण्याची जागा झाली. या शब्दाच्या प्रवासात इंग्रज मध्यमवर्गाचा थोडासा इतिहासच सामावला आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

या घराच्या बंद दाराला कायद्याचाही आधार होता. ‘इंग्रजाचे घर हा त्याचा किल्ला’ हे वचन १६०४ च्या सेमेन खटल्यातील सर एडवर्ड कोक यांच्या प्रतिपादनाशी जोडले जाते. मात्र त्या निवाड्याने राजाच्या अधिकाऱ्याला दार कायमचे बंद केले नव्हते. आधी कारण सांगा, दार उघडण्याची विनंती करा, मग हवे तर तोडा, असा तो दंडक होता. म्हणजे किल्ल्याला दिंडी होती. तरीही घरात परक्याने डोकावू नये ही भावना तेथे फार खोल होती. १६६२ पासून प्रत्येक चुलीमागे वर्षाला दोन शिलिंग कर बसला, आणि चुली मोजण्यासाठी माणसे घरात शिरू लागली. पैशाइतकाच लोकांना या शिरकावाचा संताप होता. १६८९ मध्ये तो कर रद्द झाला, तेव्हा घरोघर परक्यांनी शिरून झडती घेण्याचा जाच हेही कारण कायद्यातच नमूद करण्यात आले.

अशा बंद घरात सांगाडा सुरक्षित राहतो. हा वाक्प्रचार साहित्यात रुळवण्याचे श्रेय बरेचसे थॅकरे या कादंबरीकाराला जाते. १८११ साली कलकत्त्यात जन्मलेल्या या लेखकाच्या ‘द न्यूकम्स’ या कादंबरीत (१८५३–५५) एका प्रकरणाच्या शीर्षकातच सांगाड्याचे कपाट आहे. आपल्या वाचकांना आणखी एका कारणाने ही कादंबरी जवळची वाटावी. तिच्यातील सज्जन कर्नल न्यूकम हिंदुस्थानात चाकरी करून परततो आणि एका काल्पनिक ‘बुंदेलखंड बँके’त पैसा गुंतवून धुळीला मिळतो. ग्वाल्हेरच्या शेजारचे नाव लंडनच्या दिवाणखान्यात असे नाश घेऊन येते. थॅकरेचा रोख असा, की बाहेरून कितीही नीटनेटके दिसणारे घर असो, त्याच्या आत एक तरी गोष्ट अशी असते, की जिची किल्ली घरधनी स्वतःजवळ ठेवतो. त्याच्या कादंबरीतील अब्रूदार माणसे कपाटाशी पाठ लावून उभी असतात. त्यांचे हसणे, त्यांची आदबशीर भाषा, सारे त्या दारावरून नजर हटवण्यासाठी आहे. वाक्प्रचार हा येथे अलंकार राहत नाही. पात्रांचे वागणेच त्याने बांधलेले असते.

मग ‘घरोघरी मातीच्या चुली’ का चालू नये? थॅकरेलाही ‘घरोघरी’ हेच म्हणायचे आहे, एवढ्यापुरती ती म्हण जवळची आहे. परंतु मातीची चूल कोणी लपवत नाही. तिचा धूर कौलांतून निघतो आणि साऱ्या आळीला दिसतो. आपल्या म्हणीत समजूत आहे, दिलासा आहे : तुमच्याकडे जे तेच आमच्याकडे, वाईट वाटून घेऊ नका. इंग्रजी वाक्प्रचारात भीती आहे : कोणी दार उघडू नये. ‘झाकली मूठ’ या म्हणीत झाकणे आहे, पण ती मूठ बहुधा रिकामी असते, तीत मेलेले कोणी नसते. तेव्हा त्या दिवशी सुचवलेल्या तिन्ही पर्यायांना मर्यादा होत्या. काकूंचे उत्तर सर्वांत प्रामाणिक होते. गुपिताला गुपित म्हणावे, आणि त्या गुपिताची भीती वाक्याच्या ओघातून जाणवू द्यावी. एका वाक्प्रचाराच्या जागी दुसरा वाक्प्रचार बसवलाच पाहिजे, ही सक्ती अनुवादकावर कोणी केलेली नाही.

या घरातील स्त्रीविषयी दोन शब्द लिहिल्याविना पुढे जाता येत नाही. लग्न न झालेली प्रौढ मुलगी ‘शेल्फवर’ राहिली असे इंग्रजीत म्हणत. दुकानात न खपलेल्या मालासारखी ती फळीवर पडून आहे, हा त्यातील निर्दय अर्थ. पडद्यांच्या पलंगावर रात्री पत्नीने पतीला सुनावलेले बोल म्हणजे ‘कर्टन लेक्चर’. डग्लस जेरोल्ड याने १८४५ साली ‘पंच’ या साप्ताहिकात मिसेस कॉडल या गृहिणीची अशी व्याख्याने लिहिली आणि ती कमालीची लोकप्रिय झाली. नवऱ्याला झोप हवी असते आणि ती थांबत नाही, एवढाच विनोद. पण दिवसभर जिचे कोणी ऐकून घेत नाही तिला पडदे सोडल्यावरच बोलता येते, ही गोष्ट त्या हशात बुडून गेली. आमच्या एकत्र कुटुंबाच्या वाड्यात तेवढाही पडदा नव्हता, त्यामुळे तसा वाक्प्रचार मराठीत निर्माण न झाल्यास नवल नाही. आईच्या किंवा बायकोच्या ‘एप्रनच्या नाड्यांना’ बांधलेला पुरुष हा तेथील उपहासाचा विषय. आपल्याकडेही ‘बायकोच्या पदराला बांधलेला’ असे म्हणतात खरे. पण एप्रन हे कामाचे वस्त्र आहे, त्याला दुसरा अर्थ फुटला नाही. पदराखाली मात्र आसरा मिळतो, पदर पसरून मागता येते, पदरमोड करून दुसऱ्याचे कार्य पार पडते, आणि जे वाट्याला येते ते पदरी पडते. उपहास एकच, पण मराठी शब्दामागे मायेची आणि लाचारीची मोठी वस्ती आहे.

आतापर्यंतच्या वाक्प्रचारांत वस्तू अजून ओळखू येते. पण वस्तूच विस्मरणात गेली तर काय होते? याचे उत्तर डिकन्सने फार मौजेने दिले आहे. ‘दाराच्या खिळ्यासारखा मेलेला’ हा वाक्प्रचार चौदाव्या शतकापासून इंग्रजीत आहे. लँगलंडने तो वापरला, शेक्सपिअरने वापरला. दाराचा खिळाच का? आरपार ठोकून मागून वाकवलेला खिळा पुन्हा कामास येत नाही म्हणून, असे काही म्हणतात. कडीचे घाव सतत सोसणारा खिळा तो, असे दुसरे म्हणतात. हे दोन्ही तर्कच होत. १८४३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अ ख्रिसमस कॅरल’च्या आरंभी डिकन्सचा निवेदक मार्ले मेल्याचे सांगताना हाच वाक्प्रचार वापरतो आणि लगेच अडखळतो. शवपेटीचा खिळा अधिक मेलेला नव्हे काय, अशी त्याला शंका येते. पण पूर्वजांचे शहाणपण उपमेत साठवलेले असते, त्याला आपण हात लावू नये, असे म्हणून तो पुढे जातो.

वाचक हसतो आणि विसरतो. काही पानांनंतर स्क्रूज रात्री घरी येतो, कुलपात किल्ली घालतो, आणि त्याच्या दारावरच्या कडीच्या जागी त्याला मेलेल्या मार्लेचा चेहरा दिसतो. आरंभी ज्या दाराचा खिळा निर्जीवपणाची परिसीमा होता, त्याच दाराची कडी जिवंत होऊन पाहू लागते. हे योगायोगाने घडले असे मला वाटत नाही. डिकन्सने एक झिजलेला वाक्प्रचार हातात घेतला, त्यातली विसरलेली वस्तू पुसून लख्ख केली आणि तिच्यातूनच भूत उभे केले. घरगुती शब्दांवर त्याची अशी श्रद्धाच होती. १८५० ते १८५९ या काळात त्याने चालवलेल्या साप्ताहिकाचे नाव ‘हाउसहोल्ड वर्ड्‌स’ होते, आणि ते शब्दही त्याने शेक्सपिअरच्या ‘पाचवा हेन्री’ या नाटकातून उचलले होते. वाक्प्रचार मेला की जिवंत, हे ती वस्तू आज वापरात आहे की नाही यावर ठरत नाही. तो वापरणाऱ्याची त्या वस्तूकडे नजर आहे की नाही, यावर ते ठरते.

विसरलेल्या वस्तूंची दुसरीही एक गती होते. १९९९ च्या सुमारास एक ई-पत्र जगभर फिरले. त्यात सोळाव्या शतकातील इंग्रज घराचे वर्णन करून वाक्प्रचारांच्या उगमाच्या रंजक कथा दिल्या होत्या. कुत्रीमांजरे गवताच्या छपरात झोपत आणि पावसात घसरून खाली पडत, म्हणून मुसळधार पावसाला तो वाक्प्रचार. जमिनीवर पसरलेले गवत दाराबाहेर जाऊ नये म्हणून लावलेली फळी म्हणजे उंबरठ्याचा इंग्रजी शब्द. अशा कितीतरी. या कथांना आधार नाही. उंबरठ्याचा शब्द प्राचीन इंग्रजीत आहे, पण त्यात गवत कोठेच नाही. तरीही ते पत्र आमच्या सभासदांपर्यंत पोचले, आणि मीही एका व्याख्यानात त्यातील एक कथा सांगून टाळ्या मिळवल्या होत्या, हे कबूल केले पाहिजे. अशा कथा गोड लागतात, कारण हरवलेले घर परत मिळाल्याचा भास त्या देतात. पण खोटी व्युत्पत्ती हे घर नव्हे, ते घराचे नाटकातले नेपथ्य असते. खऱ्या हकीकती कमी रंजक नसतात. दंगलीच्या बातम्यांत आपण ‘कर्फ्यू’ वाचतो, तो जुन्या फ्रेंचमधील ‘विस्तव झाका’ या अर्थाच्या शब्दांतून आलेला आहे. संध्याकाळी घंटा झाली की घराघरातला विस्तव झाकून ठेवायचा, एवढेच त्याचे मूळ काम होते.

विस्तवावरून घरची गोष्ट आठवते. माझ्या आजीच्या वेळी रात्री निखारा राखेत झाकून ठेवीत, आणि सकाळी तो विझलेला निघाला तर शेजारून मागून आणीत. म्हणून ज्यांचे वैर असे त्यांच्यात ‘विस्तवही जात नसे’. आज आमच्या घरात गॅस आहे. माझ्या नातवाने चूल पाहिलेली नाही, जाते पाहिले ते संग्रहालयात, आणि ‘अधिवेशनाचे सूप वाजले’ हा मथळा वाचून त्याने मला विचारले, “आजोबा, सूप पितात ना? ते वाजतं कसं?” घरातले सारे हसले, मीही हसलो, पण नंतर बराच वेळ मला ते हसणे बोचत राहिले. त्याला मराठी येते, पण हिंदी आणि इंग्रजी अधिक सहज येते. पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या आपल्यासारख्या घरांत हे चित्र नवीन नाही.

आपण बहुधा असे म्हणतो, की चूल गेली, जाते गेले, सूप गेले, आता हे वाक्प्रचार कसे टिकणार? इंग्रजीचा अनुभव याला उत्तर देतो. घोड्यांवर टाकलेली फळी जाऊन शतके लोटली, पण बोर्ड टिकले. मीठपात्र गेले, पलंगाचे पडदे गेले, दाराचा खिळा कोणाला ठाऊक नाही, तरी शब्द चालू आहेत. वस्तू गेल्यामुळे वाक्प्रचार मरत नाही. तो मरतो, ते घरात तो बोलणारा आणि ऐकणारा यांच्यात विस्तव जाईनासा झाला म्हणजे. तेव्हा दोष गॅसच्या शेगडीला देऊ नये. नातवाने सुपाविषयी विचारले तेव्हा मी हसण्याआधी उत्तर द्यायला हवे होते.

ते मी दुसऱ्या दिवशी दिले. माळ्यावर जुने सूप होते, ते काढले. तांदूळ घेऊन पाखडून दाखवले, रिकामे सूप काठीने वाजवूनही दाखवले. मग ‘सुपातले हसतात, जात्यातले रडतात’ ही म्हण सांगितली. त्याने क्षणभर विचार करून विचारले, “म्हणजे सुपातल्यांनाही जात्यातच जायचंय?” म्हटले, “हो रे बाबा, फक्त त्यांना अजून ते कळलेलं नाही.”

पुढच्या बैठकीत त्या तरुण अनुवादकाने आपली कथा दुरुस्त करून आणली. सांगाडा गेला होता. त्या जागी एक साधे वाक्य होते : ‘प्रत्येक घरात एक गोष्ट अशी असते, जिच्याविषयी जेवताना कोणी बोलत नाही.’ काकूंनी मान डोलावली. “आता कळलं,” त्या म्हणाल्या, “आमच्याकडेही आहे हो तशी.”